पॉलिश वाळेपर्यंत

हिवाळा सरत आला असता, आठवड्याच्या मधल्या एका वारी, दुपारचे जेवण होऊन तासभर लोटला असेल अशा वेळी, दोन भावांच्या मालकीच्या फर्निचरच्या कारखान्यात, त्यातही मागच्या अंगाला असलेल्या पॉलिशच्या खोलीत, ही गोष्ट घडली.

खोलीला एकच खिडकी होती आणि तीही उत्तरेकडे, कारण ओल्या पॉलिशवर थेट ऊन पडलेले चालत नाही. भिंतीतल्या फळीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या, बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. खाली स्पिरिटचे डबे, धुऊन मऊ झालेल्या जुन्या चादरींचे तुकडे आणि कापसाचे पुडके. मधोमध, दोन लाकडी घोड्यांवर, लिहिण्याच्या एका जुन्या टेबलाची वरची फळी सोडवून ठेवलेली होती. थोरला भाऊ दोन्ही सुतारांना घेऊन एका नव्या घराच्या दारांची मापे घ्यायला गेला होता, आणि कारखान्यात धाकट्यावाचून कोणी नव्हते.

धाकटा मागच्या कोठीतून, म्हणजे प्लायवूडचे तक्ते उभे रचून ठेवीत त्या अंधाऱ्या बोळकांडीतून, बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कारखान्याचा फोन होता. तो त्याने खिडकीत ठेवला, नळाखाली दोन्ही हात धुतले, टेबलाकडे वळला आणि जागच्या जागी थिजला. जाताना त्याने हातातला बोळा टेबलावरच ठेवून दिला होता.

पॉलिशचे काम ज्यांनी केले नाही त्यांना यात थिजण्यासारखे काय, असे वाटेल. चपड्याचे पॉलिश ब्रशने लावत नाहीत. कापसावर सुती फडके गुंडाळून बोळा करतात, तो भिजवतात आणि लाकडावरून फिरवत राहतात. बोळा लाकडाला टेकताना चालता असावा लागतो आणि उचलतानाही चालता असावा लागतो; तो क्षणभर थांबला तरी खालचे पॉलिश विरघळून डाग पडतो, आणि जास्त वेळ राहिला तर चिकटूनच बसतो. नव्या माणसाला या खोलीत पहिली शिकवण हीच मिळे, आणि ती देणारा धाकटाच असे. बोळा ठेवण्याची झाकणाची बरणी त्याच्या कोपराशी होती.

त्याने बोळा उपटला. फडक्याचे धागे पॉलिशमध्ये रुतून राहिले आणि तळहाताएवढा, पांढुरका, खरखरीत डाग उघडा पडला.

धाकट्याला फोनवर अश्लील चित्रफिती पाहण्याचे व्यसन होते. पाहायचे, शरीर शांत करून घ्यायचे, आणि ते शांत झाले तरी पुन्हा पाहायचे. याला वासना म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याचे पोट भरले तरी हात थांबत नाही, त्याला भूक लागली आहे असे म्हणता येत नाही. तारुण्यात लागलेली ही सवय चाळिशीकडे झुकताना त्याच्या दिवसाच्या सगळ्या रिकाम्या फटींत शिरून बसली होती, आणि पॉलिशच्या धंद्यात रिकाम्या फटी फार. पॉलिशचा एक हात द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचे, मग दुसरा हात द्यायचा. त्या थांबण्याला घाई करून भागत नाही. थोरला त्या वेळात चहा पिई, सुतार एकमेकांची चेष्टा करीत बसत, आणि धाकटा कोठीत जाई.

बायकोला हे कळले ते तिच्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी. ती रुग्णालयातून फोनवर फोन करीत होती, आणि हा घरी, दार लावून, तिचा फोन आला की तो कापून पुन्हा त्याच पडद्याकडे वळत होता. वडील वाचले. ती मात्र रुग्णालयातून परस्पर आपल्या थोरल्या बहिणीकडे गेली आणि पुष्कळ महिने तिथेच राहिली. परत आली ती एका अटीवर. अट समुपदेशक बाईंच्या खोलीत, त्यांच्या समोर, ठरली होती.

“पुन्हा कधीच करणार नाही, असलं वचन मला नको,” बायको म्हणाली होती. “तसली वचनं तू स्वतःला ढिगानं दिली आहेस. मला एवढंच हवं. पडलास, तर त्याच दिवशी, रात्रीच्या जेवणाआधी, मी न विचारता, तू होऊन सांगायचं.”

ती हाडे सांधलेल्या रुग्णांना पुन्हा चालायला शिकवण्याचे काम करी. पडणे या गोष्टीचे तिला वावडे नव्हते. तिचा दिवस पडणाऱ्यांतच जाई.

अट त्याने एकदा पाळलीही होती. ती परतल्यावर थोड्याच आठवड्यांत तो पडला आणि संध्याकाळी, चपला काढता काढता, त्याने सांगून टाकले. ती गॅलरीत जाऊन बराच वेळ उभी राहिली; मग आत आली आणि म्हणाली, “चल, जेवून घे.” त्या दिवसापासून सांगणे ही आपल्याला साधलेली गोष्ट आहे असे त्याला वाटू लागले. इथे त्याचा हिशेब चुकला. तेव्हा त्याच्यापाशी गमावण्यासारखे फारसे नव्हते. बायको एकाच घरात, पण दुसऱ्या खोलीत राहत होती. बोलत होती ती कामापुरते. त्यानंतर मात्र दिवस पालटले. त्याने साधा, बटणांचा फोन घेतला. दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे जाऊ लागला. दोन हातांच्या मधला वेळ कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारण्यात घालवू लागला, इतका की थोरल्याने त्याचे नाव “चौकीदार” ठेवले. बायको हसू लागली. नकला करू लागली. याच महिन्यात ती आपली उशी घेऊन त्याच्या खोलीत परत आली होती, आणि आज सकाळी निघताना म्हणाली होती, “संध्याकाळी वेळेवर ये. पडद्यासाठी खिडकीचं माप घ्यायचंय. एवढ्या उघड्या खिडकीत मला झोप लागत नाही.”

सांगण्याची किंमत आता हीच होती: ती उशी, ती खिडकी, ते हसणे.

आणि पडण्याचे निमित्त तरी किती क्षुल्लक! टेबल ज्यांचे, त्या निवृत्त मुख्याध्यापिकांना रंगाचा फोटो पाठवायचा होता, म्हणून थोरला कारखान्याचा फोन मागे ठेवून गेला. त्याला धाकट्याच्या सवयीविषयी काहीच ठाऊक नव्हते. बायको आणि समुपदेशक बाई यांच्यावाचून कोणालाच नव्हते. “दादांना सांग, म्हणजे ते काळजी घेतील,” असे बायकोने सुचवले होते, पण धाकट्याने ते टाळले होते. दादा एरवीच टोमण्यांना कमी करीत नाही, हे कारण त्याने पुढे केले होते. त्याने फोटो काढला, पाठवला. मुख्याध्यापिका बाईंचे उत्तर आले, “रंग छान.” काम संपले आणि फोन हातातच राहिला.

डागापाशी परत येऊ. असा डाग हा या कामात काही जगबुडी नव्हे. चपड्याच्या पॉलिशचा गुण असा की त्यावर दिलेला नवा हात खालच्या जुन्या हाताला थोडा विरघळवतो आणि त्याच्याशी एकजीव होतो. धागे अलगद काढायचे, जागा पुरती वाळू द्यायची, तेवढ्याच भागावर पातळ पातळ हात देत जायचे. दोन दिवसांनी डाग कुठे होता हे ज्याने पाडला त्यालाही सापडत नाही. धाकट्याने आयुष्यात असे कितीतरी डाग भरले होते. भरलेले डाग ओळखा, असे म्हणून तो सुतारांना चिडवीत असे.

आज त्याने तसे केले नाही. त्या डागाकडे पाहता पाहता त्याला स्वतःची अशी शिसारी आली की जे डागाळले ते उरलेच कशाला, असे त्याला वाटले. सगळे खरवडून काढू, लाकूड उघडे करू, पहिल्यापासून स्वच्छ सुरू करू. हा विचार त्याला नवा नव्हता. प्रत्येक वेळी पडल्यावर तो याच विचाराच्या आश्रयाला जाई: फोन फोडून टाकी, पहाटे उठून गार पाण्याने अंघोळ करी, आजपासून नवा माणूस असे स्वतःला बजावी. पाटी कोरी करण्यात एक नशा असते आणि ती सवयीच्या नशेहून फारशी निराळी नसते. दोन्हींत माणूस आपल्याच तंद्रीत असतो आणि समोर कोण उभे आहे हे त्याला दिसत नाही. पश्चात्ताप मोठा असला की तो खराही असतो, अशी आपली एक समजूत आहे. धाकट्याचा पश्चात्ताप मोठा होता. पण घरी जाऊन चार शब्द सांगण्याच्या कामी त्याचा काडीइतका उपयोग नव्हता; उलट ते चार शब्द लांबणीवर टाकायला त्याच्याइतके चांगले साधन नव्हते.

त्याने स्पिरिटने सगळी फळी पुसून काढली आणि जाड पॉलिश पेपर घेतला.

पेपर फिरू लागला. भुकटी उडू लागली. खांदे भरून आले, कपाळाचा घाम फळीवर ठिबकला, आणि त्याला जरा बरे वाटू लागले. डाग गेला. डागाच्या भोवतालचा रंग गेला. तो थांबला नाही. पहिल्या दिवशी टेबल उतरवून घेताना थोरला जे म्हणाला होता ते त्याला त्या घासण्यात आठवले नाही. थोरला म्हणाला होता, “शिसवी दिसतंय ते नुसतं वरवर हां. कागदाएवढा पापुद्रा आहे, खाली साधं लाकूड. याला पेपर म्हणून लावायचा नाही.”

मधोमध एक फिकट, पिवळसर ठिपका दिसला. आधी त्याला ती भुकटी वाटली आणि त्याने फुंकर मारली. ठिपका गेला नाही. त्याने हात फिरवला, तेव्हा बोटांना कड लागली: अगदी बारीक, पण कड. पापुद्रा फाटला होता आणि खालचे साधे लाकूड वर आले होते. ठिपक्याच्या शेजारी दुसरा होता, आणि पलीकडे, जिथे त्याने सगळ्यात जास्त जोर दिला होता तिथे, ताटलीएवढी जागा उघडी पडली होती.

पॉलिश भरून काढता येते. लाकूड भरून काढता येत नाही.

तो खालीच बसला. आता, म्हणजे उपयोग उरला नाही तेव्हा, त्याला समुपदेशक बाईंचे बोलणे आठवले. त्या म्हणाल्या होत्या, “रस्त्यात पडलात तर काय करता? तिथेच उठता, कपडे झटकता आणि पुढे चालू लागता. घरी परत जाऊन पहिल्यापासून नाही ना निघत? आलेला रस्ता तुम्ही चाललेलाच असतो. तो कोणी काढून घेत नाही.” हे त्याला इतके आवडले होते की त्याने ते घरी जाऊन बायकोला जसेच्या तसे ऐकवले होते, आणि तिने “पाठांतर चांगलं आहे हो,” असे म्हणून त्याच्या डोक्यात टपली मारली होती.

थोरला परत आला तेव्हा धाकटा अजून जमिनीवरच होता. थोरल्याने आधी फळी पाहिली, मग भाऊ पाहिला, मग पुन्हा फळी पाहिली.

“काय रे चौकीदार, स्पिरिट टेबलाला लावायचं सोडून प्यायलास की काय?”

“नाही.”

“मग शुद्धीत केलंस हे? हे तर जास्तच वाईट झालं.” त्याने वाकून कड चाचपली आणि त्याच्या आवाजातली थट्टा विरली. “अरे, मी सांगितलं होतं ना तुला! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पेपर लावायचा नाही म्हणून.”

“सांगितलं होतंस.”

“मग?”

“डाग पडला होता. बोळा राहिला वर.”

“बोळा राहिला? तुझा?” थोरल्याला राग यायच्या ऐवजी नवल वाटले. “तुझा बोळा कसा राहील? तू दुसऱ्यांचे हात धरून शिकवतोस. कुठं गेला होतास?”

कारण सांगण्याची ही पहिली वेळ होती आणि ती पुढ्यात येऊन उभी राहिली होती. खिडकीत फोन पडला होता. धाकट्याने त्याच्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, “मागं गेलो होतो. कोठीत. विसरलो.”

“विसरलास,” थोरला म्हणाला. “बरं. आता बाईंना फोन मी करू की तू करतोस?”

फोन थोरल्यानेच केला. बाई जवळच राहत. अर्ध्या तासात काठी टेकत आल्या. थोरला त्यांचा विद्यार्थी होता आणि त्यांच्यासमोर तो अजूनही हात मागे बांधून उभा राही. हे टेबल बाईंच्या वडिलांचे. त्याच्यावर बसून त्या लहानपणी शुद्धलेखन गिरवीत, आणि आता उतारवयात, डोळे साथ देत आहेत तोवर, त्यांना पुन्हा त्याच टेबलावर बसून लिहायचे होते. त्यांनी चष्मा लावला, फळीवर हात फिरवला आणि उघड्या जागेवर तो थांबवला.

“कुणी केलं?”

“मी,” धाकटा म्हणाला.

“आधी केवढा होता डाग?”

त्याने तळहात दाखवला.

“एवढासा?”

“हो, बाई.”

“आणि तेवढ्यासाठी तू हे सगळं घासलंस?” बाईंच्या स्वरात राग नव्हता. वर्गात पोराने अवघड गणित बरोबर सोडवून साधी बेरीज चुकवावी, तेव्हाचा तो स्वर होता. “का रे बाबा?”

धाकट्यापाशी उत्तर होते, पण ते बाईंना द्यायचे नव्हते. ज्या माणसाला द्यायचे होते ते माणूस संध्याकाळी घरी टेप घेऊन त्याची वाट पाहत असणार होते.

“नवीन पापुद्रा बसवून देतो, बाई,” थोरला घाईने म्हणाला. “आमच्या खर्चानं. रंग असा जुळवतो की...”

“रंग जुळेल रे. तुमचं काम मला ठाऊक आहे. पण वडिलांनी ज्याच्यावर हात टेकले ते वरचंच लाकूड होतं ना? ते आता तुमच्या केरात गेलं.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “बसवा नवीन. मला लिहायला टेबल तर लागेलच.”

त्या गेल्यावर थोरल्याने केर भरायला घेतला. “जा तू घरी,” तो म्हणाला. “आज तुझं चित्त थाऱ्यावर नाही. मी आवरतो.”

घराच्या वाटेवर त्याने वाक्य तयार केले. “आज झालं.” एवढेच. दोन शब्द. पायऱ्या चढताना ते ओठांवर होते. दार उघडे होते, आणि बायको झोपायच्या खोलीत स्टुलावर चढून खिडकीच्या चौकटीला टेप लावीत होती.

“आलास? अरे, धर ना ते टोक. कधीची लटकतेय मी इथं माकडासारखी.”

त्याने टोक धरले.

“खाली धर. आणखी खाली. अरे, खिडकीचं माप घ्यायचंय, माझं नाही.” ती हसली. मग तिने खाली पाहिले. “काय झालं? तोंड का असं?”

येथे त्याने जी चूक केली ती पडण्याहून मोठी होती. तो खरे बोलला. पण जे बोलायचे होते ते सोडून दुसरेच खरे बोलला.

“बाईंचं टेबल घालवलं मी आज.”

ती स्टुलावरून उतरली. त्याने सगळे सांगितले: बोळा, डाग, पेपर, पापुद्रा, बाईंचा हात. फक्त कोठी वगळली. ती पलंगाच्या कडेवर त्याच्याशेजारी बसून ऐकत राहिली आणि मधेच तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. पेपरने बोटांची सालटी निघाली होती. “बघू,” म्हणून तिने मलम आणले आणि एकेका बोटाला लावले. “हात चुकतो माणसाचा,” ती म्हणाली. “माझ्याकडूनही मागे एका आजोबांचा पट्टा सैल राहिला होता, आठवतं? महिनाभर मला झोप नव्हती. होतं असं. बाई घालून पाडून बोलल्या नाहीत ना? मग झालं तर.”

ते मलम, ती समजूत, तो हातातला हात, सगळे त्याने घेतले. घेताना त्याला कळत होते की ही माया आपली नाही. ही कोणा दुसऱ्याची, केवळ टेबल बिघडवणाऱ्या एका बिचाऱ्याची आहे, आणि आपण ती त्याच्या नावावर उचलतो आहोत. तरीही त्याने ती घेतली, कारण ती ऊबदार होती.

तिने पाने मांडली. भांड्यांचे आवाज आले. ताटात पहिला पदार्थ पडला, दुसरा पडला. वेळ संपत आली होती. शब्द दोनच होते, पण आता त्यांच्यावर मलम लागले होते, आणि ते बाहेर आले तेव्हा दोन राहिले नव्हते.

“मी तुझ्या लायकीचा नाही,” तो उभ्यानेच म्हणाला. “तू ताईकडे जा. खरंच जा. माझ्यात काही सुधारणा व्हायची नाही. मी असाच आहे. सगळं पुन्हा शून्यावर आलंय. तू आपलं आयुष्य...”

“थांब.” पळी तिच्या हातातच राहिली. “मी काही विचारलं नाही, आणि तू हे काय सांगतोयस? टेबलासाठी मी ताईकडे जाऊ?”



तिने पळी खाली ठेवली. तिचा चेहरा हळूहळू समुपदेशक बाईंच्या खोलीतल्या त्या दिवसासारखा झाला.

“आज झालं का?”

“हो.”

“कधी?”

“दुपारी. दादा मापाला गेला होता. कारखान्याचा फोन माझ्यापाशी होता.”

“दुपारी.” तिने खिडकीकडे पाहिले, बाहेर अंधार पडला होता. “मग दुपारपासून आत्तापर्यंत काय करत होतास?”

“टेबल खरवडत होतो.”

हे उत्तर इतके खरे आणि इतके हास्यास्पद होते की तिच्या ओठाची एक कड हलली. पण ते हसू नव्हते, आणि असते तरी त्याच्या वाट्याचे नव्हते.

“फोन करायचा होतास मला. बटणांचा का होईना, आहे ना तुझ्याकडे?”

“धीर झाला नाही.”

“धीर नाही झाला, आणि बाईंच्या वडिलांचं टेबल फाडायला धीर झाला.” ती खुर्चीवर बसली. “माझे पेशंट रोज पडतात. पडले की हाक मारतात, मी जाते, उठवते. त्यात मला काही वाटत नाही. पण पडून पडल्या जागी डोकं आपटून घेणारा एकही नाही त्यांच्यात. आणि मला म्हणतोस ताईकडे जा! म्हणजे जायचंही मीच, आणि जाऊन तुझं ओझं हलकंही मीच करायचं?”

“तसं नव्हतं मनात.”

“मग कसं होतं?”

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. या वेळी त्याने वाक्य तयार केले नाही. “तू जावंस असं मला वाटत नाही. मोठं काहीतरी बोललं, की ते छोटं बोलावं लागत नाही, म्हणून बोललो. आज झालं. तू विचारायच्या आधीच, दारातच सांगायला हवं होतं. तू मलम लावलंस तेव्हा तर...” त्याने बोटांवरच्या मलमाकडे पाहिले. मग तो म्हणाला, “सगळं शून्यावर आलेलं नाही. ते मी उगाच म्हणालो. मधले महिने होते. ते खरे होते.”

“ते मला सांगू नकोस. मी इथंच होते त्या महिन्यांत.” तिने डोळे पुसले. “मघाशी मी जे बोलले ना, हात चुकतो वगैरे, ते मी परत घेऊ शकत नाही. घ्यावंसं वाटतंय, पण येत नाही घेता. याचा राग आलाय मला, त्या फोनचा नाही तेवढा.”

“दादाला मी उद्या सांगतो,” तो म्हणाला. “सगळं. फोन मागे ठेवत जाऊ नको म्हणून. आणि समुपदेशक बाईंना सकाळीच फोन करतो, आठवड्याची वाट बघत नाही.”

“दादांना उद्या नाही. आत्ता.”

“जेवण...”

“जेवण कुठे पळत नाही.”

त्याने बटणांचा फोन काढला. थोरल्याने उचलला आणि उचलताच म्हणाला, “बोल चौकीदार, पापुद्रा मिळतोय, मी चौकशी केली.” धाकट्याने डोळे मिटून घेतले आणि कोठीत आपण काय करायला गेलो होतो ते, कधीपासून जातो ते, सरळ सांगितले. थोरला म्हणाला, “मला आधी सांगायचं होतंस, गाढवा. मी फोन टेबलावर ठेवून गेलो ना.” आणि मग, अवघडून, “उद्या ये तू. वेळेवर ये.” टोमणा त्याने मारला नाही. इतकी वर्षे ज्याच्या भीतीने धाकट्याने हे दडवले होते, तो टोमणा त्या माणसापाशी नव्हताच.

फोन ठेवल्यावर त्याने बायकोकडे पाहिले. ताटातले निवून गेले होते. तिने ते तसेच त्याच्यापुढे सरकवले, आपलेही पुढे ओढले, पण घास उचलला नाही.

“मग?” त्याने विचारले.

तिने दिलेले उत्तर रागाचे नव्हते. ते मोजून मापून दिलेले होते.

“मी कुठे जात नाही,” ती म्हणाली. “पण आज माझा तुझ्यावर विश्वास नाही.”